नववा नियम

१

माझ्या पिशवीत एक डोकं असतं. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो, आणि मला त्याची मजा वाटते हे कबूल करते. हे डोकं लाकडी आहे, दहा सेंटिमीटर जाडीचा एक गुळगुळीत गोळा. लोकांच्या घरी पोहण्याचे तलाव असतात, त्यांच्या भोवतीची कुंपणं तपासणं हे माझं काम. दोन गजांमधून हा गोळा आरपार गेला, तर लहान मुलाचं डोकंही जाऊ शकतं, आणि मग कुंपण नापास. म्हणून ऑफिसात सगळे त्याला डोकंच म्हणतात. मला टेपबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण जिन्यात ऐकू येतं.

तेवीस वर्षांत नियम अंगात मुरलेत. कुंपण एकशेवीस सेंटिमीटर उंच हवं. आडव्या पट्ट्या पाण्याच्या बाजूला, म्हणजे घराकडून चढणाऱ्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही. कुंपणापासून नव्वद सेंटिमीटरपर्यंत खुर्ची, कुंडी, बादली, चढण्याजोगं काहीही नको. फाटकाची कडी दीड मीटरवर. आणि फाटक आपलं आपण बंद व्हायला हवं. त्याची परीक्षा तीनदा घ्यायची: एकदा पूर्ण उघडून, एकदा अर्धं, एकदा चार बोटं. दरवेळी नुसतं सोडून द्यायचं. फाटक परत आलं पाहिजे आणि कडी पडल्याचा ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. त्या आवाजाने मला जेवढं समाधान मिळतं तेवढं माझ्या नवऱ्याच्या गाण्याने कधी मिळालं नाही, आणि तो बरा गातो.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण यावरून दर आठवड्याला कोणाशी तरी माझी जुंपते. आमच्या फॉर्मवर ‘आत’ म्हणजे तलावाची बाजू, आणि ‘बाहेर’ म्हणजे घराची. राहणाऱ्यांचं बरोबर उलटं असतं. त्यांच्या लेखी आत म्हणजे घरात.

२

ते घर गल्लीच्या टोकाला होतं. घरात आई आणि मुलगी. वडील महिन्यातले वीस दिवस कामासाठी परगावी. आई घरूनच नोकरी करायची, सतत हेडफोन कानात, बोलताना एक कान मोकळा करायची आणि दुसऱ्याने मीटिंग ऐकत राहायची. अडीच महिन्यांपूर्वी ते राहायला आले होते. तलाव आधीपासून होता, कुंपण तीन आठवड्यांचं होतं.

मुलगी पावणेचार वर्षांची. तिला सगळे ठमी म्हणायचे. मी गाडीतून उतरल्यापासून ती माझ्या कमरेच्या टेपकडे बघत होती.

“मला मोज,” ती म्हणाली.

“ठमे, अहो म्हणावं,” आई म्हणाली.

“अहो, मला मोज.”

मोजली. अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. तिला तो आकडा फार मोठा वाटला. मग ती माझ्यामागे “अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव” करत फिरली आणि तिने माझं नाव टेपमावशी ठेवलं. हे नाव मला ऑफिसातल्या नावापेक्षा आवडलं.

कुंपण लोखंडेने उभारलेलं होतं. लोखंडे हे काही त्याचं आडनाव नव्हे, पण लोखंडाची कामं करून करून खरं आडनाव तोही विसरला असावा. काम चोख करतो. उंची बरोबर, फटी बरोबर, डोकं कुठेच आत गेलं नाही. मी फाटक पूर्ण उघडलं आणि सोडलं.

ते अर्ध्यावर आलं, त्याच्याही पुढे आलं आणि थांबलं. अडकलं नाही, करकरलंही नाही. थांबलं. मग दोन सेकंदांनी पुन्हा निघालं आणि टक.

तीनदाच काय, अकरा वेळा करून पाहिलं. थांबायची जागा ठरलेली. मी तिथे टेप लावली, तर खांब आणि फाटक यांच्यात एकतीस सेंटिमीटर. चार बोटं उघडून सोडलं तर मात्र न थांबता लागायचं. म्हणजे एकतीसपेक्षा जास्त उघडलं तरच. नवीन स्प्रिंग कधीकधी असं करते, मी स्वतःला सांगितलं. पण बघताना मनात वेगळंच यायचं. दुकानातून बाहेर पडताना मागून कोणी येत असलं तर आपण दार क्षणभर धरून ठेवतो ना, ते फाटक तसं थांबत होतं.

मी नापासचा शेरा मारला. निघताना आणखी एक गोष्ट दिसली. फाटकाशेजारच्या दोन गजांचा काळा रंग एका जागी उडाला होता. आतल्या बाजूने, जमिनीपासून चौऱ्याहत्तर सेंटिमीटरवर. मी वाकून दोन्ही मुठी तिथे धरून पाहिल्या. रंग उडालेली जागा माझ्या मुठींपेक्षा लहान होती. फॉर्ममध्ये यासाठी रकाना नाही, म्हणून मी ते लिहिलं नाही.

३

आठवड्याने गेले तेव्हा लोखंडे तिथेच होता, पायरीवर बसून घाम पुसत.

“बाई, बिजागरी नवी, स्प्रिंग नवी, खांब ओळंब्यात. आता मी स्वतः नवा होऊन येऊ का?”

“थांबतंय अजून?”

“तुम्हीच बघा. काढून वर्कशॉपात नेलं होतं. तिथे शहाण्यासारखं बंद होतं, शंभर वेळा केलं. इथे आणून लावलं की सुरू.”

मी पाहिलं. एकतीस सेंटिमीटर. दोन सेकंद. टक.

“आणि हा रंग?” मी ते दोन गज दाखवले. उडालेली जागा वाढली होती. आता तिथे लोखंड नुसतं उघडं नव्हतं, चकाकत होतं. बसच्या दांड्या वर्षानुवर्षं हात लागून चकाकतात, तसं.

लोखंडेने अंगठा फिरवला. “माझा रंग इतक्यात जात नाही,” तो दुखावल्या आवाजात म्हणाला. मग फाटकाकडे न बघता हत्यारं गोळा करू लागला. एरवी हा माणूस अर्धा तास बोलल्याशिवाय हलत नाही. त्या दिवशी पाना विसरून गेला आणि घ्यायला परत आलाच नाही.

मी एकटीच उभी राहिले. भर दुपार, लख्ख ऊन. पाणी इतकं स्वच्छ की तळाच्या फरशा मोजाव्यात. मला काहीही दिसलं नाही. तरी मी फाटकाकडे पाठ न करता, मागे मागे चालत पायरीपर्यंत आले. नंतर गाडीत बसल्यावर स्वतःचंच हसू आलं. तेवीस वर्षं नोकरी केलेली बाई, आणि खेकड्यासारखी चालते.

४

निघण्याआधी ठमीने मला गाठलं होतं. ते सविस्तर लिहायला हवं, कारण पुढे जे झालं ते यातून झालं.

ती पायरीवर बाहुलीचा बूट काढत-घालत बसली होती. मी फॉर्म भरत होते.

“फाटक तिच्यासाठी थांबतं,” ती म्हणाली.

“कोणासाठी गं?”

“ती आत आहे ना.”

“आई? आई आत काम करतेय.”

“आई नाही.” तिने कुंपणाकडे बोट दाखवलं. “ती. तिकडे.”

मग मी माझा नेहमीचा तास घेतला. हसू नका, पण एखाद्या लहान मुलाला मी नियम समजावू लागले की मला वेळेचं भान राहत नाही. मी तिला सांगितलं की कुंपणाच्या बाबतीत तिकडे म्हणजे आत आणि इकडे म्हणजे बाहेर. आपण आत्ता बाहेर आहोत. घरसुद्धा बाहेर. ठमीला हे भलतंच आवडलं. “घर बाहेर!” म्हणत ती लोळली. मी तिची उलटतपासणी घेतली: आई कुठे? बाहेर. बाहुली कुठे? बाहेर. पाणी कुठे? आत.

“आणि ती आत,” ठमी म्हणाली. “फाटक थांबतं, पण तिला बाहेर येता येत नाही. कोणी ये म्हणालं नाही.”

लहान मुलांना अशी एखादी मैत्रीण असतेच, मलाही होती, मोजे घालणारी एक मांजर. मला वाटलं, चांगली संधी आहे. म्हणून मी तिला नववा नियम सांगितला.

आमच्या फॉर्मवर पूर्वी आठच नियम होते. नववा माझ्या हट्टामुळे आला. एका घरी आईला वाटलं मुलगा घरात आहे, आणि तिने फाटक लावून घेतलं. मुलगा आत होता. कडी दीड मीटरवर, कुंपण निर्दोष, मीच पास केलेलं. तासभर तो दोन गज धरून उभा होता. पाण्यात पडला नाही, वाचला, आता माझ्यापेक्षा उंच झालाय. पण तो तास माझ्या डोक्यातून गेला नाही. सहा महिने मी साहेबांच्या मागे भुणभुण लावली आणि नववा नियम छापून घेतला.

“फाटक लावण्याआधी मोठ्याने विचारायचं,” मी ठमीला म्हणाले, “‘आत कोणी आहे का?’ आणि कोणी असलं, तर आधी त्याला बाहेर बोलवायचं. मगच फाटक लावायचं. आतमध्ये कोणालाही ठेवायचं नाही. हे मोठ्या माणसांचं काम, पण तुला माहीत असलेलं बरं.”

तिने तो नियम दोनदा म्हणून दाखवला. मग तोंडाशी हात धरून ती कुंपणाच्या दिशेने ओरडली, “आत कोणी आहे का?”

आणि मान कलती करून ऐकत राहिली. आपलं ऐकून घेतलं गेलं की मुलं हसतात, तशी हसली. मी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि कौतुकाने गाडीत बसले.

५

चार दिवसांनी तिसरी तपासणी. फाटक पूर्ण उघडून सोडलं. टक. अर्धं, टक. चार बोटं, टक. मधे कुठेही थांबलं नाही. लोखंडेला फोन केला, तर तो म्हणाला, “मी परत हातच लावला नाही, बाई. आणि लावणारही नाही.”

आनंद व्हायला हवा होता. मी बाहेर, म्हणजे घराच्या बाजूला उभी राहून कुंपणावरून नजर फिरवली आणि ती एका जागी अडली. त्याच दोन गजांचा रंग आता बाहेरच्या बाजूनेही उडाला होता. चौऱ्याहत्तर सेंटिमीटरवर. चार दिवसांत लोखंड दिसू लागलं होतं.

आई दारात आली. एक कान मोकळा करून म्हणाली, “झालं का हो पास? या, आत बसून सही करा. चहा टाकते.”

“ठमी कुठे आहे?”

“असेल इथेच. हल्ली गप्प गप्प असते. दिवसातून चारदा कपडे बदलावे लागतात, नळाशी खेळते वाटतं. विचारलं तर म्हणते, मी नाही भिजवले. आणि टॉवेल बघाल तर दोन ओले.” ती हसली. दमलेल्या बाईचं हसू होतं ते, त्यात भीती नव्हती. भीती सगळी माझ्याकडे होती.

ठमी भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्यासमोर बसले.

“ठमे, आत कोणी आहे का?”

“नाही.” तिने मान हलवली. “मी तिला बाहेर बोलावलं. तुझा नियम.”

“शहाणी. मग आता?”

“आता तिला बाहेर नाही आवडत. परत जायचंय. पण आता फाटक थांबत नाही, आणि तिला कडी लागत नाही.” तिने तळवे पालथे केले. “मलापण नाही लागत.”

आमच्या कुंपणाचं कामच ते. आतल्याला बाहेर काढता येतं. बाहेरच्याला, तेही बुटक्याला, आत जाता येत नाही. त्यासाठी तर सगळी मापं. मी मनाला दटावलं की पावणेचार वर्षांचं पोर काहीही बोलतं, तू पन्नाशीची आहेस, सही कर आणि जा. ठमीला मी “माझ्या मागोमाग ये” म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

मी मागे वळून पाहायला हवं होतं. ते मी केलं नाही, आणि याला कुठलंही कारण नाही.

६

स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुंपण समोर दिसतं. मी टेबलावर फॉर्म ठेवला, आठ रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या आणि सहज मान वर केली.

ठमी फाटकाशी होती. तिचा हात कडीवर होता.

मला आधी फक्त चूक कळली, चूक कसली ते कळलं नाही. मोजमाप करणाऱ्यांचं असं होतं. कडी दीड मीटरवर. ठमी अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. हात उंच केला तरी एकशेवीसच्या वर जात नाही. मी तिच्या पायांखाली काय आहे ते शोधलं. कुंडी नव्हती, बादली नव्हती. नव्वद सेंटिमीटरात काहीही नव्हतं, मी दहा मिनिटांपूर्वी मोजलं होतं.

तिचे पाय जमिनीला लागलेच नव्हते. ते गुडघ्यात वाकून दोन बाजूंना लोंबकळत होते, आपण कोणाच्या खांद्यावर बसलो की लोंबतात तसे. एका घोट्याशी मोजा आत दबलेला होता. कोणीतरी तो घोटा घट्ट धरलेला असावा, तसा.

दोन मुलं, एकावर एक. हे आमच्या एकाही नियमात नाही.

मी धावले. खुर्ची पडली. मागच्या दाराशी कोठीची भिंत आडवी येते, तिथे तीन पावलं कुंपण दिसत नाही. त्या तीन पावलांत मला कडी सरकल्याचं ऐकू आलं.

७

भिंतीपलीकडे पोहोचले तेव्हा ती फाटकाबाहेर, जमिनीवर उभी होती. एकटी. फाटक सताड उघडून परत येऊ लागलं होतं. मी झडप घालून तिचा हात धरला. हात ओला होता, गार होता.

फाटक आलं, आणि एकतीस सेंटिमीटरवर थांबलं.

मी मोजू लागले. एक. दोन. मग ते हललं आणि टक.

गेली, मला वाटलं. आली तशी परत गेली. माझ्या जिवात जीव आला, मी तिथेच खाली बसले, तिचा हात मात्र सोडला नाही. गजांमधून पाण्याकडे पाहिलं. तळाच्या फरशा स्वच्छ दिसत होत्या. काही नव्हतं, लाटसुद्धा नव्हती. मला रडू येत होतं आणि हसूही. पोर हातात होतं ना, मग झालं.

“ठमे!” स्वयंपाकघरातून आईने हाक मारली. “मावशींना घेऊन आत ये गं! चहा निवतोय!”

माझ्या हातातली मुलगी वळली. घराकडे नाही. फाटकाकडे. आणि मला ओढू लागली.

“चल,” ती म्हणाली. “आत बोलावलंय.”

मी स्वतःची समजूत काढायचा प्रयत्न करतेय, तेव्हापासून रोज करतेय. हे मीच तिला शिकवलं होतं. आत म्हणजे पाणी, बाहेर म्हणजे घर, मीच उलटतपासणी घेतली होती आणि ती पहिल्या फटक्यात पास झाली होती. हुशार मूल, लक्षात ठेवलं. एवढंच असेल. ओला हात म्हणाल, तर ती रोज चारदा ओली होतच होती. तोच फ्रॉक, तेच केस, घोट्याशी दबलेला तोच मोजा.

माझ्या कमरेला टेप होती. अठ्ठ्याण्णव आहे की नाही, हे बघायला पाच सेकंद लागले असते. मी उभ्या आयुष्यात सगळं मोजलं, ते मोजलं नाही.

मग आई हेडफोन गळ्यात घेऊन आली, “काय झालं, पडलात की काय?” म्हणाली आणि तिला कडेवर उचलून घरात घेऊन गेली. आईच्या खांद्यावरून ती कुंपणाकडे बघत राहिली. तिने डोळे मिटल्याचं मला आठवत नाही.

मी फाटकाशी एकटी राहिले. आत कोणी नव्हतं. मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं की कोणी नव्हतं. फक्त नियमाप्रमाणे मोठ्याने विचारायचं बाकी होतं. तोंड उघडलं आणि त्या दोन गजांकडे नजर गेली. चौऱ्याहत्तर सेंटिमीटरवर, आतल्या बाजूने, गजांवर पाण्याचे थेंब येत होते. वरून ओघळत नव्हते. तिथेच, मुठीएवढ्या जागेत, दाटत होते.

तो फॉर्म अजून माझ्या पिशवीत आहे, लाकडी डोक्याच्या शेजारी. आठ रकाने भरलेत. नवव्यात दोन गोष्टी लिहायच्या असतात: विचारलं का, आणि काय उत्तर आलं.

मी विचारलं नाही. ‘मी आहे’ असं ठमीच्या आवाजात कोणी म्हणालं असतं, तर मी काय केलं असतं, हे मला माहीत नाही. फाटक उघडलं असतं, तर कोणासाठी? आणि घरातल्या आईला काय सांगितलं असतं? मी गाडीत बसले आणि निघाले. ज्या नियमासाठी मी सहा महिने भांडले होते, तो मी त्या दिवशी मोडला.